पुलाअलीकडची पंधरा माणसं

विभावरीला चर्चमध्ये नोकरी लागली तेव्हा आमच्या हॅमिल्टनच्या मराठी मंडळींना आठवडाभर दुसरा विषय नव्हता. "मेणबत्त्या लावायच्या का गं?" असं एकीनं विचारलं. एका गृहस्थांनी तर तिच्या नवऱ्याला, गुरुदत्तला, बाजूला घेऊन "घरी सगळं ठीक आहे ना?" अशी चौकशी केली. मी शेजारीच सामोशाची बशी घेऊन उभी होते. असल्या चौकशांनी माझं डोकं फिरतं. मी म्हटलं, "अहो, कारकुनाची नोकरी आहे ती. कारकुनाला कसला आलाय धर्म? मी तीस वर्षं नगरपालिकेत काढली, शेवटची दहा हेडक्लार्क म्हणून. मला विचारा ना." मला कोणीच काही विचारलं नाही.

मी श्यामला. मुलाकडे, शुभंकरकडे, ‘ते रापा’ नावाच्या उपनगरात राहते. तो घरूनच कॉम्प्युटरवर काम करतो, म्हणजे दिवसभर कानाला यंत्रं लावून भिंतीशी बोलतो. विभावरी आमच्या कुंपणापलीकडची. ती पुण्याची, चाळिशीतली. नवरा दुधाच्या कारखान्यात इंजिनियर, मुलगी सिद्धी तेरा वर्षांची. मला ती काकू म्हणते. मला घरात बसवत नाही आणि तिला गाडीत एकटीला कंटाळा येतो, त्यामुळे तिच्या नोकरीत शेजारच्या सीटवर माझी जागा पहिल्या महिन्यातच ठरून गेली. किल्ल्यांचा जुडगा मांडीवर घेऊन बसायचं आणि गेटं उघडायची, हे माझं काम. पगार नाही.

पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला मुलूख. विभाचा पॅरिश म्हणजे शहराबाहेर कुरणांमध्ये पसरलेली तीन गावं. गावं म्हणायची इतकंच. एक लाकडी चर्च, एक हॉल, एक शाळा, एका ठिकाणी डेअरी म्हणजे इथलं कोपऱ्यावरचं दुकान, आणि मग मैलभर नुसत्या गाई. चर्चही एका पंथाचं नाही. माणसंच इतकी कमी, की तीन पंथांनी मिळून एकच संसार थाटलेला. त्या संसाराचा सगळा कारभार पॅरिश क्लार्ककडे: हॉल कोणाला कधी द्यायचा, लग्नाच्या नोंदी, दफनभूमीतली कुठली जागा कोणाची, फुलं कोणी आणायची, छप्पर गळलं तर कोणाला बोलवायचं.

तिच्या मुलाखतीची गोष्ट ती अजून रंगवून सांगते. अध्यक्ष होता कॉलिन. सत्तरी ओलांडलेला, चार पिढ्यांची जमीन असलेला म्हातारा. त्यानं विचारलं, "तू कुठल्या चर्चला जातेस?" ती म्हणाली, "कुठल्याच नाही. मी हिंदू आहे." कॉलिननं थोडा वेळ चहा ढवळला. मग म्हणाला, "खडीच्या रस्त्यावर गाडी चालवतेस?" "चालवते." "स्वीट ॲज," म्हणजे आपलं ‘झकास’, म्हणाला, आणि किल्ल्या तिच्या हातात दिल्या.

नेमणुकीच्या कागदावर लिहिलं होतं, आठवड्याचे बारा तास, सोयीप्रमाणे. ही सोय कोणाची, हे तिला हळूहळू कळलं. गावातली माणसं पहाटे उठून गाईंचं दूध काढतात, दुपारी पुन्हा काढतात. त्यामुळे ती भेटणार ती सकाळचं दूध आणि दुपारचं दूध यांच्यामधे. गाई विण्याच्या दिवसांत ती कोणालाच भेटत नाहीत. मरण मात्र कधीही येतं. विभा कधी स्वयंपाकघरातल्या टेबलावर काम करायची, कधी चर्चच्या मागच्या थंडगार खोलीत, आणि पुष्कळदा गाडीतच. कारण फोनला रेंज यायची ती फक्त टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपाशी. तिथे गाडी लावून, मांडीवर लॅपटॉप घेऊन ती लग्नं आणि मर्तिकं जुळवायची. मी शेजारी बसून शेंगा सोलायची.

लोक हसायचे. सिद्धी तर तोंडावर म्हणायची, "आई, यू आर नॉट इव्हन ख्रिश्चन." विभा म्हणायची, "तू फ्रिज वापरतेस तेव्हा इंजिनियर असतेस का?" पोरगी डोळे फिरवून निघून जायची.

पण मला ठाऊक होतं ही नोकरी तिला काय आहे ते. ती आली तेव्हा ते रापातच एका ऑफिसात लागली होती. पोर सारखी आजारी पडायची. तिनं वेळ थोडी पुढेमागे करून मागितली, तर साहेबांनी गोड बोलून सांगितलं की पूर्णवेळ जमत नसेल तर मग राहू दे. राहिलं ते सात वर्षं राहिलं. सात वर्षं ही हुशार बाई मुलीचे डबे भरत आणि नवऱ्याच्या शिफ्ट्या सांभाळत बसली. कोणी विचारलं तर हसून "ब्रेक घेतलाय" म्हणायची. तो ब्रेक तिनं घेतला नव्हता, तिच्या अंगावर टाकला होता. या खडीच्या रस्त्यांवर ती पुन्हा माणसात आली. मी पाहिलंय.

आणि एप्रिलमध्ये शहरातल्या प्रादेशिक कार्यालयाचं पत्रक आलं. खेड्यांतल्या सगळ्या पॅरिशचं कारकुनी काम एका जागी आणायचं ठरतंय. एक फोन नंबर, एक वेबसाइट. ज्या पॅरिशला स्वतःचा क्लार्क ठेवायचाच असेल, त्यांनी वार्षिक सभेत तसा ठराव करून जूनच्या पहिल्या आठवड्यात पाठवावा. नाही आला तर पॅरिशची संमती आहे असं धरलं जाईल.

"म्हणजे तुझ्या नोकरीचा ठराव तूच मांडायचास?" मी विचारलं.

"मी मांडणार नाही. मी फक्त सभा बोलावणार. मत त्यांचं."

"आणि तुला काय हवंय ते?"

ती टाकीपाशी गाडी लावून समोरच्या कुरणाकडे बघत होती. म्हणाली, "मला ही नोकरी हवी आहे, काकू. हवी म्हणजे हवीच आहे. पण ती सरळ सभा होऊन हवी आहे. पुन्हा कोणी म्हणायला नको की हिच्या सोयीसाठी काहीतरी केलं."

सभेची तारीख तिनं फार विचारानं काढली होती. गाई विण्याचे दिवस नकोत, गवत कापण्याचे नकोत. मे संपता संपता थंडीसाठी गाई आटवतात, मग दूध काढणं बंद. म्हणजे जूनचा पहिला रविवार सगळ्यांत मोकळा. गुरुदत्तनंही मान डोलावली, कारण त्याच्या कारखान्यात त्या दिवसांत दूधच येत नाही. कॉलिननं "बरोबर" म्हटलं. नियमाप्रमाणे सभेची सूचना लागोपाठ दोन रविवार चर्चमध्ये वाचून झाली. गणपूर्तीला, म्हणजे सभा खरी ठरायला, पंधरा माणसं लागायची आणि यादीवर त्याच्या दुपटीहून जास्त होती. विभा त्या दिवशी जरा मिरवत होती. "आता मला गाव कळायला लागलं," म्हणाली.

सभेच्या आधीच्या शुक्रवारी आम्ही तीन गावांपैकी कोफाई फ्लॅटला चर्चचे हीटर चालतात का ते बघायला गेलो. वाटेत ब्रेंडाचं घर. ब्रेंडा म्हणजे चर्चच्या फुलांची सगळी जबाबदारी वाहणारी धिप्पाड, हसरी बाई. तिच्या दाराशी ट्रक उभा, आणि ट्रकात पलंग, फ्रिज, सायकली, कुत्र्याचं घर. विभानं काच खाली केली. "किया ओरा ब्रेंडा! आवराआवर चाललीय का? रविवारी सभेला भेटू."

ब्रेंडा हातातलं खोकं टेकवून आमच्याकडे बघत राहिली. "रविवारी? हनी, रविवारी मी साऊथ आयलंडमध्ये असेन. उद्या एक तारीख ना."

मग तिनं समजावून सांगितलं आणि मला आपल्या देशातल्या बदल्यांचे दिवस आठवले. इथे पुष्कळ गोठ्यांवर जमीन एकाची आणि गाई दुसऱ्याच्या असतात. गाईवाला दुधाच्या वाट्यावर ती जमीन चालवतो, त्याला शेअरमिल्कर म्हणतात. आणि अख्ख्या देशातले हे करार एकाच दिवशी संपतात, एक जूनला. त्या दिवशी गाई, पोरं, कुत्री, फ्रिज, सगळं घेऊन माणसं या गावातून उठतात आणि त्या गावात जातात. गाई आटलेल्या असतात म्हणूनच तर जाता येतं. विभानं मोकळा म्हणून जो आठवडा शोधून काढला होता, त्याच आठवड्यात गाव रिकामं होत होतं.

"तुम्हाला ठाऊक नव्हतं?" ब्रेंडानं विचारलं. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, पण मला तो लागला. अकरा वर्षं इथे राहिलेली विभा, दुधाच्या कारखान्यातला तिचा नवरा, कोणालाच ठाऊक नव्हतं. आम्ही शहरातली माणसं. घर बदलणं म्हणजे ज्याचं त्याचं, सवडीनं, असंच आमच्या डोक्यात. आणि कॉलिनच्या घराण्याला दीडशे वर्षांत गाव सोडायची वेळ आली नव्हती, त्यामुळे त्याच्या तर ध्यानातच आलं नाही.

विभा टाकीपर्यंत गाडी चालवत गेली. इंजिन बंद केलं. यादी काढून एकेका नावापुढे बोट ठेवत गेली. ब्रेंडा आणि तिचा नवरा गेले. रिमू क्रॉसिंग या दुसऱ्या गावातली दोन घरं गेली. शाळेमागचे गेले. निम्म्याहून जास्त नावं बाद झाली. सभा पुढे ढकलावी तर सूचना पुन्हा दोन रविवार वाचायला हवी, आणि तोवर मुदत टळून गेलेली.

"माझीच चूक आहे," ती म्हणाली. एकदाच म्हणाली.

मी म्हटलं, "हे बघ, ऐक माझं. गणपूर्ती कशी करायची ते मला विचार. हजेरीची वही घ्यायची, रात्री घरोघर फिरवायची, सह्या घ्यायच्या. सभा नंतर कागदावर होते. आमच्याकडे निम्म्या सभा तशाच व्हायच्या."

"काकू."

"काय काकू? नोकरी हवीय म्हणालीस ना?"

"म्हणूनच नको." तिनं यादी उलटी ठेवली आणि पॅरिशची जुनी नियमावली उघडली. बराच वेळ वाचत बसली. मग म्हणाली, "हद्दीत राहणारा कोणीही प्रौढ माणूस. सभा सुरू होण्याआधी यादीवर सही करायची. बस. किती दिवसांपासून राहतो ते विचारलेलं नाही. जे गेले त्यांच्या घरांत उद्या कोणीतरी येणारच ना?"

"ते कुठल्या पंथाचे असतील कोण जाणे."

"नियमानं पत्ता विचारलाय. पंथ विचारला नाही."

तिच्या चेहऱ्यावर मी तेव्हा जे पाहिलं त्याला हट्ट म्हणायचा की जिद्द, ते तुम्ही ठरवा. मला तरी त्या क्षणी तिचा राग आला आणि अभिमानही वाटला.

शनिवारी आम्ही गेटागेटांवर फिरलो. मी पहाटे उठून मोठा डबाभर बटाटेवडे तळले होते, मिरची निम्मी घालून. ज्यांची चूल अजून लागलेली नाही त्यांच्याकडे मोकळ्या हातानं कसं जायचं? विभानं गमबूट चढवले आणि चिखल तुडवत ट्रकच्या मागे मागे गेली. नव्या माणसांना ती आधी त्यांच्या कामाचं सांगायची: शाळेची बस कुठे थांबते, कचऱ्याची गाडी कधी येते, फोनला रेंज कुठे, कुठल्या वळणावर पावसात पाणी चढतं. त्यानंतर म्हणायची, "उद्या अकराला सभा आहे. त्यातला एक विषय माझ्या नोकरीचा आहे. मत कसं द्यायचं ते तुमचं तुम्ही बघा, मी काही सांगणार नाही. पण या."

गाडीत बसल्यावर मी तडकले. "अगं, मत मला द्या एवढं म्हणायला काय जीभ झडते?"

"झडत नाही. म्हणायचं नाही."

काहींनी येतो म्हटलं. काहींनी वडा खाऊन "हीप्स ऑफ थँक्स" म्हटलं, त्याचा अर्थ काहीही होऊ शकतो. शेवटचं घर ब्रेंडाचं. तिथे फिलिपिन्सचं जोडपं उतरलं होतं, रोनेल आणि मारिसेल. सात वर्षं दुसऱ्यांच्या गाई राखून त्यांनी पहिल्यांदाच स्वतःच्या गाई घेतल्या होत्या. पण गाईंचे ट्रक अडकले होते, ते उद्या येणार. मारिसेल खरंच वाईट वाटून म्हणाली, "उद्या नाही जमणार. एकानं ट्रकापाशी उभं राहायचं, एकानं वाटेच्या फाट्यावर. तिथलं गेट मोडलंय. फाट्यावर माणूस नसेल तर गाई थेट रस्त्यावर." विभा म्हणाली, "बरोबर आहे. गाई आधी." आणि वड्यांचा उरलेला डबा तिथेच ठेवून निघालो.

रविवारी प्रार्थना आटोपल्यावर माणसं चर्चमध्येच थांबली. दाराशी चिखलाच्या बुटांची रांग, आत हीटरचा वास. यादी टेबलावर, विभा टेबलामागे. नवे पाच जण आले. जुन्यांतले उरलेसुरले आले. कोणी सही करताना दिसलं की मी मनात आकडा म्हणायची. अकरा वाजले. कॉलिननं चष्मा लावून यादी मोजली आणि त्याचा चेहरा खुलला. "पंधरा!" म्हणाला. "बरोब्बर पंधरा. सुरू करू या."

मी सुटकेचा श्वास सोडला आणि तेवढ्यात विभा उभी राहिली.

"पंधरा नाहीत," ती म्हणाली. "चौदा आहेत. डेनिस पुलापलीकडे राहतो. आपली हद्द पुलाखालच्या ओढ्यापर्यंतच आहे."

डेनिस म्हणजे मागच्या बाकावरचा म्हातारा. वर्षानुवर्षं या चर्चला येणारा, पियानो वाजवणारा. बिचारा गोरामोरा झाला. कोणाला ठाऊक नव्हतं, कोणी विचारलंही नसतं. डेनिसनं सही केली होती, कॉलिननं मोजलं होतं, विषय संपला होता. आणि ही बया स्वतःच्या हातानं स्वतःचा पंधरावा माणूस खोडत होती. मला तिथल्या तिथे तिला दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या. खरं सांगते, मी मराठीत मोठ्यानं म्हणालेसुद्धा, "अगं मूर्खे, गप्प बस!" सगळ्यांनी वळून पाहिलं.

विभानं पाहिलं नाही. कॉलिनला म्हणाली, "नियमाप्रमाणे अर्धा तास थांबता येतं." "तुम्ही तोवर चहा घ्या. मी येते." आणि गाडीची किल्ली घेऊन बाहेर पडली.

कुठे गेली म्हणून मी दारात जाऊन उभी राहिले. आत चहा झाला. बिस्किटं झाली. डेनिस माझ्याजवळ येऊन "सॉरी" म्हणाला, मी त्याला म्हटलं, "तुझा काय दोष, पूल चुकीच्या जागी बांधलाय." घड्याळाकडे बघत बघत मी देवाचं नाव घेतलं, चर्चच्या पायरीवर, आपल्या देवाचं. त्या वेळी मला एवढंच दिसत होतं की आजची सभा मोडली तर ही पोरगी पुन्हा घरात बसणार, पुन्हा हसून "ब्रेक" म्हणणार, आणि ते हसणं मला दुसऱ्यांदा बघवणार नव्हतं.

अर्धा तास भरत आला तेव्हा विभाची गाडी चिखल उडवत आली. उतरली मारिसेल, एकटी. गमबूट, शेणानं भरलेली पँट, कपाळावर केस चिकटलेले. दाराशी बूट काढून मोज्यांवरच आत धावली आणि टेबलावर वाकून सही केली.

"विभा कुठे आहे?" कॉलिननं विचारलं.

"माझ्या जागेवर," मारिसेल धापा टाकत म्हणाली. "फाट्यावर. ट्रक आलेत. लवकर करा."

तर प्रचार करायचा नाही म्हणणारी बाई आता मताच्या वेळी दोन मैलांवर गाईंपुढे उभी होती. नियमाप्रमाणे तिला तिच्या विषयाच्या वेळी बाहेर जावंच लागलं असतं. इतकं बाहेर जायची गरज नव्हती. कार्यवृत्त लिहायला कोणी उरलं नाही, म्हणून कॉलिननं माझ्यापुढे पेन धरलं. मी हद्दीबाहेरची, मला मत नव्हतं, पण लिहायला कोणाची ना नव्हती. इंग्रजी माझं ऑफिसचं आहे, तेवढं पुरलं.

विषय निघाला. खजिनदार बाई म्हणाली, वेबसाइट स्वस्त पडेल. एकजण म्हणाला, काळ बदललाय. माझं पेन कागदावर टेकून होतं आणि त्या बाईच्या नावापुढे काय काय लिहावंसं वाटत होतं ते मी लिहिलं नाही.

मग मारिसेल उभी राहिली. तिला ट्रकांची घाई होती, ती सारखी दाराकडे बघत होती. म्हणाली, "मी काल आले. तुमचं चर्च मला माहीत नाही, हिशेब माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की जिच्या नोकरीबद्दल तुम्ही बोलताय ती आत्ता माझ्या गाईंपुढे उभी आहे, आणि गाईंची तिला भीती वाटते. मी बघितलंय तिच्याकडे. तुमच्या वेबसाइटला फोन केला तर कोण येऊन उभं राहील ते सांगा, म्हणजे मी हात वर करते आणि जाते."

कॉलिननं मत मागितलं. मी हात मोजले, मग पुन्हा मोजले, कारण मला माझ्या डोळ्यांचा भरवसा वाटेना. विरोधात दोन, खजिनदार बाई आणि काळ बदललेला गृहस्थ. बाकी सगळे बाजूनं. मी लिहिलं, खाली कॉलिननं सही केली, आणि मारिसेल तोवर बुटांत पाय घालत होती. मी तिच्या मागोमाग गाडीत जाऊन बसले.

फाट्याशी पोचलो तेव्हा विभा वाटेच्या मधोमध उभी होती. दोन्ही हात आडवे पसरलेले. समोरून गाईंची झुंड येत होती, काळ्यापांढऱ्या, वाफाळलेल्या, आणि तिच्यापासून हातभर अंतरावर येऊन डावीकडे वळत होती. पण तिचा एक पाय मागे गेलेला मी पाहिला नाही. मारिसेल उडी मारून उतरली आणि कुंपणाच्या कडेनं रोनेलकडे, ट्रककडे पळाली. आणखी गाई उतरायच्या होत्या.

मी तारेपलीकडून ओरडले, "विभा! झालं!"

"काय झालं?" तिनं मान वळवली नाही.

"ठराव झाला! राहिलीस तू! पंधरा माणसं, पुलाअलीकडची, सगळं नियमानं!"

तिचे हात तसेच पसरलेले होते. मग मला दिसलं की ती रडतेय, अगदी पोरीसारखी, गालांवरून पाणी हनुवटीपर्यंत, आणि ते पुसायला तिच्याकडे हात मोकळा नाही. समोर एक दांडगी गाय थबकून तिच्याकडे बघत होती.

"काकू, तुम्ही तिथेच थांबा," ती म्हणाली. "चिखल आहे."

मला कोणी थांब म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी साडी वर खोचली, तारेखालून वाकून आत गेले, घोट्यापर्यंत चिखलात रुतले, आणि तिच्या शेजारी उभी राहून माझेही दोन्ही हात पसरले.

"हं," मी म्हटलं. "आता पूस डोळे. मी अडवते."